ओळ येईपर्यंत

सोमवार, ता. १
निवृत्तीला अकरा वर्षं झाली आणि आज पुन्हा हातात खडू! या गावच्या शाळेतून पत्र आलं, बदली शिक्षक हवेत म्हणून. सूनबाईने विचारलं, बाबा, शिकवायला निघालात की स्वतःचंच नाव घालायला?

वर्ग देखणा आहे. सकाळचं तिरपं ऊन बाकांच्या कडांवर सायीसारखं धरतं. आज बसायच्या जागा लावल्या. बुटकी पुढे, उंच मागे, बडबडी जोडी फोडून दोन टोकांना. दप्तरं बाकाखाली, डबे कोनाड्यात, पाण्याला रांगेने. आठवड्याचा सेनापतीही नेमला. शिपाई म्हणाला, गुरुजी, असंच चाललं तर माझी घंटा गंजेल. मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. मितभाषी बाई. माझा पत्ता म्हणे त्यांनीच शोधून काढला.

मंगळवार, ता. २
दिवसाची सुरुवात कवितेने. माझीच जुनी, पाखराची; आयुष्यभर प्रत्येक वर्गाकडून पाठ करून घेतली. ‘सांज झाली, ये पाखरा, दार अजून उघडे.’ ओळ चुकली की मागच्या भिंतीशी उभं राहायचं, ती बरोबर येईपर्यंत, हा नियमही तेव्हाचाच. गंमत म्हणजे तो सांगावाच लागला नाही. चुकलेली दोन पोरं आपणहून भिंतीशी गेली. गुणी वर्ग!

गुरुवार, ता. ४
आज सगळे अडखळले. सेनापतीपासून शेवटच्या बाकापर्यंत, एकाच शब्दावर. दा... दा... आणि पुढे काही नाही. छत्तीस मुलं भिंतीशी, बाकं रिकामी. कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

सेनापतीला बाजूला घेतलं. म्हणाला, बाईंनी सुट्टीतच शिकवली ही कविता. इथे अडायचं, असंच शिकवलं.

शुक्रवार, ता. ५
ती आज आठवली असं लिहिणार होतो. खोटं आहे. विसरलोच नव्हतो.

जुन्या शाळेत पहिल्या बाकावर एक तोतरी मुलगी होती. ‘दार’ हा शब्द तिला फुटत नसे. एका शनिवारी तिला भिंतीशी उभी करून मी बाहेरून कडी घातली. दहाच मिनिटं, म्हटलं. आणि काव्यवाचनाला निघून गेलो. तिथे टाळ्या पडल्या. त्यात ती राहून गेली. सोमवारी कडी काढली तर उभीच होती. घरच्यांना मी सांगितलं, पोर हट्टाने लपून बसली होती. पुढे ती कधी बोललीच नाही असं कानावर आलं. मी बदली मागून घेतली.

राजीनामा लिहून ठेवलाय. उद्या अर्धा दिवस. हजेरीपट पुरा करून निघेन.

शनिवार, ता. ६, दुपार
बाराला शाळा सुटली. शिपाईही गेला. बाई दारात आल्या. त्या तिची धाकटी बहीण. ताई गेल्या वर्षी वारली, म्हणाल्या. एकेचाळीस वर्षं घरात एक शब्द नाही, आई हाक मारून मारून गेली. मी हात जोडले. त्यांनी दार ओढून घेतलं. बाहेरून कडी घातली.

“नियम तुमचाच आहे, गुरुजी. ओळ बरोबर आली की कडी काढेन.”

दीड
सोपं आहे. माझीच तर कविता. सांज झाली, ये पाखरा — दा —
घसा कोरडा पडलाय, एवढंच.

अडीच
बाई बाहेर खुर्ची टाकून बसल्यात. ऐकतायत. चाळीसदा म्हटलं. दर वेळी तिथेच. जीभ टाळूला —

आपणहून भिंतीशी जाऊन उभा राहिलो. का, ठाऊक नाही.

तीन
शेजारी कुणीतरी आहे. भिंतीशी. माझ्या खांद्याएवढं. मी बघत नाही —

ती म्हणतेय. पहिल्यापासून. सावकाश, गोड — सांज झाली, ये पाखरा — अडली नाही — कुठेच अडली नाही —

बाहेर खुर्ची पडली. बाई रडतायत. कडी निघाली.

“ये, ताई.”

वाऱ्यासारखं काही माझ्या अंगावरून — उजेड — मी धावलो —

कडी पुन्हा लागली.

बाहेर आता दोघी बोलतायत. दोघी हसतायत. पावलं लांब चाललीत. ऐकायलाही कुणी —

सांज झाली, ये पाखरा, दा —

दा —