दुपारच्या फेरीतलं बटण

ता. ४, सोमवार

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पार्सल काल पोचलं. यांचे लोकरी मोजे, माझ्या चष्म्याची दोरी आणि उशांचे दोन अभ्रे. मोज्यांवर किमतीची चिठ्ठी तशीच राहिली होती, ती वाचून मी मोजे पुन्हा घडी करून ठेवले. एवढ्यात महिन्याचा साबण येतो, राजा. पण हे लगेच घालून घरभर हिंडले आणि म्हणाले, ढगावर चालल्यासारखं वाटतंय. तू शहराच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला. तीन बस बदलण्यापेक्षा टपालाचं तिकीट स्वस्त, म्हणून लिहिते.

वाचनालयातला यांचा पहारा जाणार अशी चिन्हं आहेत. कंत्राटदाराचा माणूस सांगून गेला की दुपारची फेरी सतत अर्धवट दिसते. भिंतीवर बटणं बसवली आहेत, त्यांना हातातलं यंत्र टेकवलं की फेरीची नोंद होते. हे तुला मी काय सांगणार, तुमच्या पालिकेचीच हौस. वाचनकक्षाच्या कोपऱ्यातलं एक बटण हे दुपारी टेकवतच नाहीत. का, विचारलं तर हसतात आणि खिडकीबाहेर बघतात. या वयात दुसरं काम कोण देणार? देवापुढे डोळे मिटले तरी मला ते बटणच दिसतं.

ही कंत्राटं तुझ्याच टेबलावर असतात. वशिला नको, देवाला आवडायचा नाही. फक्त एकदा जाऊन बघ.

लोभ आहे तसाच मुरू दे.

तुझी ताई

ता. ९, शनिवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कागद वाचवायला तू कडेकडेनेही लिहितेस, ते फिरवून फिरवून वाचताना मान अवघडली.

ताई, पहारेकरी पालिकेचे नसतात. आम्ही इमारती कंत्राटदारावर सोपवतो आणि माणूस तिथे आहे की नाही हे त्या बटणांवरून ताडतो. बटण चुकलं की आम्ही बिल कापतो, आणि कंत्राटदार तो राग माणसावर काढतो. नातं आहे हे मी आमच्या मॅडमना आधीच सांगितलं. म्हणाल्या, मग मीच येते, तुम्ही बरोबर चला आणि तोंड उघडू नका. म्हणूनच घरी डोकावता आलं नाही, रुसू नकोस.

दुपारी आम्ही त्या कोपऱ्यात बसलो. उन्हाचा पट्टा टेबलावरून सरकत होता. पंखा वर्तमानपत्रांची पानं हलकेच उचलून पुन्हा ठेवत होता. एक म्हातारे गृहस्थ उघड्या नकाशावर गाल टेकून झोपले होते. पलीकडे रात्रपाळीहून आलेली नर्स, तिच्याशेजारी मांडीवर बाळ घेऊन पेंगणारी एक बाई. सगळ्यांचा श्वास हळूहळू एकाच लयीत आला. वळून बघतो तर आमच्या मॅडमही, हातात पेन तसंच.

भाऊजी आले. बूट दाराशी, पायात नुसते मोजे. प्रत्येक खिडकीची कडी पाहिली. बाळाच्या तोंडावर ऊन आलं होतं, तिथला पडदा ओढला. मला ओळखसुद्धा दिली नाही. बटणापाशी थांबले आणि हात मागे घेतला. बाहेर गाठून विचारलं तेव्हा म्हणाले, "ते यंत्र भोंग्यासारखं ओरडतं रे. इथे कोणी चोरायला येत नाही, थोडं टेकायला येतात."

मॅडम जाग्या झाल्या, चष्मा सावरला. कचेरीत येऊन त्यांनी बटण व्हरांड्यात हलवण्याचा शेरा लिहिला. पण आधीच्या चुका कंत्राटातल्या दंडाच्या अटीत बसतात. कंत्राटदार म्हणतो, ‘कामाकडे दुर्लक्ष केलं’ असं लिहून सही द्या, वाचनालय राहील. नाहीतर टेकडीवरचं पंपघर. पगार तोच, वाट लांबची. कोणाला कुठे उभं करायचं हे त्याच्या हाती, तिथे आमचं चालत नाही. माझं ऐकाल तर सही करून मोकळे व्हा.

माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

ता. १४, गुरुवार

चि. धाकट्यास अ. आ.

मीही सही करा म्हणूनच बसले होते. बसचं भाडं मांडून दाखवलं, गुडघ्यांची आठवण दिली. यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "असं कसं लिहू? एक खिडकी चुकली नाही माझी. बावळटपणा केला असं लिहून हवं असेल तर देतो." मी पेनाला टोपण लावलं.

काल दोघं पंपघर बघून आलो. चहूकडे कमरेएवढं गवत, त्यातून वारा जातो तेव्हा सगळी टेकडीच कूस बदलते असं वाटतं. भिंतीला कान लावला की आत पाणी चाललेलं ऐकू येतं, पलीकडच्या खोलीत कोणी नामस्मरण करावं तसं. हे म्हणाले, जागा वाईट नाही, फक्त माणूस नाही.

परतताना बसमध्ये माझ्या खांद्यावर यांचा डोळा लागला. आपला थांबा आला आणि गेला, मी उठवलं नाही. कंडक्टरने जादा तिकीट मागितलं, ते मुकाट्याने दिलं.

सोमवारी वाचनालयात नवा माणूस उभा राहणार. तुझ्या लोभावर विसंबून एवढंच विचारते. त्याची पहिली दुपार व्हायच्या आत ते बटण व्हरांड्यात हललेलं असेल ना? यांना विचारवत नाही, पण टपालवाल्याची वाट आतापासूनच बघतायत. उलट टपाली कळव.

तुझी ताई