बाबांनी दुसऱ्यांदा हाक मारली

ती. आई,
बेटावरून तुझ्या दीप्तीचा वाळूभरल्या हातांनी नमस्कार.

मी सुखरूप आहे. वाटेत बोटीचं इंजिन जरा बंद पडलं, म्हणून पोचायला उशीर झाला, एवढंच. उलट्याही थांबल्या. इथे फोन लागत नाही, पण आमचा हॅम रेडिओ मस्त चालून राहिला.

अशा दूरच्या बेटाशी एकदा तरी रेडिओवर बोलायला मिळावं म्हणून काल जगभरचे लोक एकदम आम्हाला बोलावून राहिले होते. त्या गोंगाटात रांझीच्या आपल्या घरून बाबा! मागे एवढी लाईन, घरच्या गप्पा कशा करणार? मी म्हटलं, "पाच-नऊ", म्हणजे आवाज स्वच्छ आहे. तेही "पाच-नऊ, धन्यवाद" म्हणून गेले, जशी ओळखच नाही.

थोड्या वेळाने बाबा पुन्हा हजर! एकदा बोलणं झाल्यावर परत बोलावणं म्हणजे दुसऱ्याची पाळी खाणं, हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी चिडलेच. तेवढ्यात मागून तुझा आवाज आला, "अहो, खरंच दीप्ती बोलून राहिली!"

पहिल्या वेळी तू कमानिया गेटला बाजारात गेली होतीस ना? तुला माझा आवाज ऐकवायलाच ते परत आले; आधी एकटेच बोलले म्हणून त्यांना रागावू नकोस. ते दुसरं "पाच-नऊ" मी मुद्दाम सावकाश म्हटलं. तुला नीट ऐकू आलं ना?

तुझी,
दीप्ती