वैमानिकांची घड्याळं

ला शो-द-फाँ, स्वित्झर्लंड
१२ ऑक्टोबर १९४०

तीर्थरूप अक्का,
मच्छिंद्राचा दुरूनच दंडवत.

मुंबईच्या पेढीनं घड्याळकाम शिकायला इथं धाडलं, पण आता परतीचा रस्ता न्हाई. चहूबाजूंनी लढाई, मधे हा डोंगरी देश. सरहद्दीवर आगगाडीतून उतरवून मला माघारी पाठवलं.

काम मात्र गोड आहे. पूर्वीचे वैमानिक म्हणे खिशातलं घड्याळ मांडीला बांधून उडत. आता त्यांच्यासाठी मनगटावरचं बनतं, चांगलं बशीएवढं. चावीची गुंडी बोरासारखी, कारण जाड हातमोजे घालूनच ती फिरवायची. आम्ही घड्याळ बर्फात ठेवतो, मंग उबेला, आणि दोन्हीकडे चाल सारखी येईस्तोवर केसासारखी स्प्रिंग जुळवत बसतो. समुद्रावर चार सेकंद चुकले तर विमान मैलभर चुकतं.

तुळजाला म्हणावं, नवरा चीज खाऊन फुगला न्हाई. धाकट्या कचरूला अभ्यासाला बसव, म्हणावं भावाचा हुकूम आहे.

तुझ्या हातच्या भाकरीला आसुसलेला,
मच्छिंद्र

जालना
२० मार्च १९४१

चिरंजीव मच्छिंद्रास अक्काचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र फोडून पुन्हा चिकटवलेलं आलं. काही ओळींवर काळं फासलेलं. तुळजा उजेडाला धरून त्याही वाचायला बघून राह्यली होती.

टेंभुर्णीहून तुझे सासरे आल्ते. जावयाचा भरवसा काय, पोरीला घेऊन जातो म्हणाले. तुळजानं दाराआडून सांगितलं, मी बिलकुल हलणार न्हाई. पण हल्ली ती बाजारात जात न्हाई. बायका विचारतात, त्यानं तिकडं गोरी केली का.

कचरूनं माझं ऐकलं न्हाई. फौजेत लॉरी चालवायला भरती झाला, मिसरात, इजिप्त म्हणतात तिथं, गेला. म्हणाला, भाऊ ज्या विमानांची घड्याळं करतो तीच वरून मला राखतील. हसत गेला.

जिवाला जप.
अक्का

स्वित्झर्लंड
१४ जून १९४२

अक्का, पाया पडतो.

पत्र फार उशिरा मिळालं. कचरूचं वाचून मालकाला विचारलं, आपली घड्याळं जातात कुठं? तो म्हणाला, सगळ्या वाटा जर्मनांच्या हातात आहेत, मंग माल जाणार कुठं? म्हणजे कचरूच्या शत्रूच्याच मनगटावर. भिंतीवरची घड्याळं करायला द्या म्हणालो. तो वाईट माणूस न्हाई, पण म्हणाला, तेवढं कामच न्हाई. आणि काम सोडलंस तर तुझा राहायचा परवाना जाईल.

मी अवजारं पुसून ठेवली. आता तारेच्या कुंपणाआड छावणीत राहतो, बटाट्याची रानं खुरपतो. बोटं जाड झाली. ती स्प्रिंग पुन्हा धरता येईल का, ठाऊक न्हाई.

कचरूला जल्दी कळव, भावानं ते काम सोडलं.

सगळ्यांच्या आठवणीत,
मच्छिंद्र

जालना
९ डिसेंबर १९४२

मच्छिंद्रा, लेकरा, खाली बसून वाच.

आपला कचरू गेला. लिबियात त्यांच्या लॉऱ्यांवर विमानांतून बॉम्ब पडले, एवढंच सरकारनं कळवलं. तार उन्हाळ्यात आल्ती, तुझं पत्र दिवाळीनंतर आलं.

तुळजा म्हणाली, लिहू नका, तिथं ते कुणाच्या गळ्यात पडून रडतील. पण तुला मी वाढवलं. खोटं लिहायला हात चालेना.

तुझं पत्र वाचल्यापासून तुळजा बाजारात जाते. कुणी विचारलं की सांगते, माझा नवरा कैदेत आहे. आणि कशापायी, तेही सांगते.

कचरू कोणत्या दिवशी गेला आणि तू काम कोणत्या दिवशी सोडलंस, त्या तारखा मी एकाशेजारी एक ठेवून बघितल्या न्हाईत. तुळजालाही बघू दिल्या न्हाईत. कुंपणाआड बसून तूही ते करू नकोस. तू सोडलंस, ते मला बराबर पोचलं.

तुझ्या वाटेकडं डोळे लावून,
अक्का