वेढ्यातला डबा

मंगळ, ६ नोव्हें. २००७
रस्ता बंद. फाट्यावरच फेडरल एजंटांच्या गाड्या. शेजारचा रॉय टॅक्स भरत नाही, कोर्टात जात नाही, सरकारच मानत नाही. आता अटकेचं वॉरंट. तो आणि बायको लिंडा दार लावून आत, बंदुकांसकट. आणि माझी बायको शोभा कालच त्यांना दिवाळीच्या फराळाचा डबा देऊन आली, दरवर्षीसारखा.
नोव्हाय गावाहून पुतण्या समीरचा फोन. "काका, आमच्याकडे निघून या. अशी घरं कशी संपतात, टीव्हीवर पाहिलंय ना?"
पाहिलंय. पोराबाळांसकट जळालेली. म्हणूनच हलणार नाही. त्या घराची फर्नेस, घर गरम ठेवणारी भट्टी, मी बसवली आहे. कॉलेजात न जाता, पुस्तकं वाचून शिकलो. आजवर एक तक्रार नाही. त्या घरात माणसं मेलेली मला चालणार नाहीत.

बुध, ७
त्यांची वीज तोडली. म्हणजे फर्नेस बंद. लिंडाला दमा. बाहेर बादलीतलं पाणी गोठलंय.

शुक्र, ९. लक्ष्मीपूजन
लिंडा बाहेर यायला तयार झाली. एजंटांची अट एकच, हात रिकामे. मी बॅरिकेडपाशी, मिशीवाल्या एजंटच्या शेजारी.
बाई आली ती चार पुडांचा स्टीलचा डबा छातीशी धरून. शोभानेच पहिल्या वर्षी शिकवलं होतं, डबा परत करायचा, रिकामा नाही. सरकारचं एक ऐकत नाहीत, शोभाचं पाळतात.
कर्ण्यावरून आवाज, "खाली ठेव."
"चिखलात? माझा नाहीये तो."
दुर्बिणीवाला ओरडला, "वायर! त्याला वायर आहे." सगळ्या बंदुका वर.
वायर माझी. गेल्या वर्षी कडी तुटली तेव्हा घातलेली. तांब्याची, दोन वेढे, टोक आत वळवून. एजंटची बाही धरली. "जेवणाचा डबा आहे. वायर मी लावली."
"तुम्ही?"
"रिपेअर. दोन वेढे दिसतील. बघा."
त्याने दुर्बीण घेतली. किती वेळ ते कळलं नाही. मग हात खाली केला. बंदुका उतरल्या.
डब्यात बिटाचं लोणचं निघालं.
शोभा म्हणाली, "तुमच्या कारागिरीने बाई गेली असती." तेवढ्या गोंधळातही कडी सुटली नाही, हे सांगायचं होतं.

शनि, १०. पाडवा
लिंडा आमच्याकडेच. इन्हेलर मिळाला, झोपली, दोनदा जेवली. शोभाने तिच्या केसांना तेल लावून दिलं. लिंडाचा आवाज बसलाय, म्हणून दुपारी कर्णा माझ्या हातात.
"रॉय, लिंडा बरी आहे. आमच्या घरी आहे."
दार किलकिलं. एक रायफल पायरीवर. मागून दुसरी. आतूनच ओरडला, "सकाळी येतो. दाढी करून."
एजंटने लिंडाला विचारलं, खरं बोलतोय का हा?
"लग्नापासून त्याने दाढी केलेली मी पाहिली नाही. आता करतो म्हणतोय, म्हणजे येणार," म्हणाली, आणि हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.
एजंटांनी गाड्या शेतापलीकडे मागे घेतल्या. ऊन उतरलं तसा रॉयच्या बाथरूमच्या खिडकीत कंदील लागला. लिंडा खुर्ची ओढून आमच्या खिडकीशी बसली आहे. मी चहा ठेवतो.