गुलाबजामाचे चार तुकडे

लाखांदूर,
९ डिसेंबर २०२४

चि. सुखरामास, बहीण गिरजाचे अ. आ.

फोनवर तू नुसता हूं करते अन् ठेवून देते, म्हणून लिहून राहिली. धुरपताच्या तेरवीहून येताना तू सख्ख्या बहिणीले फाट्यापर्यंत सोडायलेही आला नाही. तेही सोड. पण दुःखाच्या घरी आलेल्या माणसाच्या हातावर सुपारी-तंबाखूचा खर्रा ठेवतात, हे काय आजचं आहे? मी लाखांदूरहून तीस पुड्या घोटून आणल्या. ताट फिरवलं, तर तू तेच ताट सगळ्यांदेखत नालीत उलटं केलं. व्याही विचारत होते, याचं डोकं ठिकाणावर आहे ना. बायको गेली म्हणून तसा करून राहिला, असं मी सांगितलं.

सूनबाईनं, विनोदच्या बायकोनं, लिंबाचं लोणचं घातलं. मले खाववत नाही, लई जळजळ होते. बरणी तुझ्यासाठी बाजूले काढून ठेवली. कोणी येणारा असला की पाठवते.

मनातला राग काढ अन् बहिणीवर माया राहू दे.

तुझी बाई,
गिरजा


एकोडी,
२० डिसेंबर २०२४

ती. बाईस, सुखरामचा सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. फाट्यावर आलो नाही ही माझी चूक. ताट उलटे केले ती चूक नाही.

दोन वर्षांपूर्वी विनोदच्या लग्नात धुरपता गुलाबजामाचे चार तुकडे करून एकेक खात होती. तू मांडवातल्या बायांना दाखवून म्हणालीस, पाहा, आमची धुरपता भंडाऱ्याची मॅडम झाली. सगळे हसले. मीही हसलो. तीही हसली, ओठ मिटून. त्याआधीपासूनच तिला तिखट सोसत नव्हते. तिखट घालण्याआधी आपली भाजी वाटीत काढून ठेवायची. मी शेजारी सांगायचो, काही व्रत धरले असेल. हिरड्या सरकून दात लांब दिसू लागले, तेव्हा ती बोलताना तोंडावर पदर धरायची. मी ती लाज समजलो.

जानेवारीत भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तिला तोंड उघडायला लावले. तीन बोटे एकावर एक धरून दातांच्या मधे जायला हवीत, म्हणाले. तिचे एक गेले, दुसरे अडले. सुपारीने गालाची आतली कातडी आवळत जाते, आणि गालातली जखम त्याच्या पुढची, कॅन्सरची आहे, असे त्यांनी समजावले. हे कधीपासून, असे मला विचारले. एकतीस वर्षे तिच्यासमोर बसून जेवलो, पण सांगता आले नाही.

आमच्या लग्नानंतरच्या धानाच्या पहिल्या रोवणीत तिला चिखलात भोवळ आली होती. तेव्हा पहिला खर्रा तू दिलास. याने भूक मरते, पाठ दुखत नाही, असे म्हणालीस. ते तिने त्याच दिवशी मला सांगितले होते. तोच खर्रा तू तिच्या फोटोपुढे ताटात फिरवत होतीस.

यापेक्षा जास्त लिहवत नाही. तब्येत सांभाळ.

सुखराम


लाखांदूर,
३ जानेवारी २०२५

चि. सुखरामास आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तू ठरव.

पहिला मी दिला. नाही म्हणत नाही. मले माह्या सासूनं दिला होता, अशाच रोवणीत. मी एक दिला. बाकीचे कोणं आणले? दर शनिवारी साकोलीहून येताना शर्टाच्या खिशात दोन पुड्या कोण आणत होता? भांडण झालं की तू तोंडानं बोलत नव्हता, पुडी पुढं करत होता. ती मले कवतिकानं सांगे, माहा नवरा लुगडं विसरते, खर्रा विसरत नाही.

गालात फोड आला तेव्हा दाताचं टोक लागलं असेल असं कोण म्हणे? धान निघालं की दवाखान्यात जाऊ, असं सांगणारा तूच. आता ताट उलटं केलं; त्या वेळी पुडी फेकायले हात नव्हते का?

मले बहीण म्हणायचं असेल तर म्हण.

गिरजा


एकोडी,
११ जानेवारी २०२५

ती. बाईस सा. न. वि. वि.

तू लिहिलेस ते खरे आहे. भंडाऱ्याला जाताना एसटीतसुद्धा तिने पुडी मागितली आणि मी दिली. तेरवीला ते ताट तुझे होते म्हणून उलटे केले नाही. फोटोसमोर बसून माझाच हात त्याकडे जात होता.

तुझ्या पत्राचा राग आला म्हणून तुझे पहिले पत्रही काढून पुन्हा वाचले. त्यात लोणच्याने जळजळ होते असे लिहिले आहेस. तू तर भाकरीबरोबर कच्ची मिरची खाणारी. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी तिथे थांबलो नाही. तिच्या वाटीपाशीही थांबलो नव्हतो.

हे वाचून झाले की आरशासमोर उभी राहा. तीन बोटे, एकावर एक. किती गेली तो आकडा कळव. कोणी कोणाला काय दिले ते नंतर पाहू.

तुझा भाऊ,
सुखराम


लाखांदूर,
२२ जानेवारी २०२५

चि. सुखराम, अ. आ.

दोन.

तिसरं लावलं तर जबडा दुखला. पाच दिवस रोज पाहिलं, म्हणून पत्राले उशीर झाला. विनोदले सांगितलं नाही. डोळे दाखवायले जाते म्हणीन. सोमवारी पहिल्या एसटीनं साकोलीले येते. स्टँडवर उभा राहा, पुढं भंडाऱ्याले तू संग चल. मांडवात मी जे बोलली ते आठवून राहिलं आहे. धुरपता ओठ मिटून काहून हसली, ते आता समजलं.

येताना खिसा रिकामा ठेव.

तुझी बाई,
गिरजा