सामन्याच्या आठवड्यातली फोनबंदी

प्लम हॉलो, नेब्रास्का
मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय डोरी,

तुम्ही सगळे मजेत असाल. आम्हीही आहोत. मका काढून झाला, थंडी चांगलीच पडली आहे, आणि आमच्या नवरोबाची, लेनची, पाठ नेहमीसारखी कुरकुरते आहे. डुकरांचा भाव विचारू नकोस.

पत्र बघून दचकू नकोस. सामन्याच्या आठवड्यात दोन्ही घरांमध्ये फोन नाही, हा नियम तुझ्या नवऱ्याने घातला. मर्ल आमच्या शाळेची टीम सोडून तुमच्या वॉर्नर क्रॉसिंगचा कोच झाला, तेव्हा बहिणी-बहिणी गुपितं फोडतात असं कोणी म्हणायला नको म्हणून. नियम मी आजवर पाळलाय. पण पत्राबद्दल मर्ल काही बोललेला नाही. हे मी दुधाच्या टँकरवाल्या रँडीच्या हाती देते आहे, तो रोज तुमच्या गावावरूनच जातो. उद्या दुपारी तुला मिळेल. मर्ल तेव्हा शाळेत असतो, म्हणजे तू एकटीनेच वाच.

तर शुक्रवारी कर्नीला राज्याची फायनल. आठ-आठ जणांच्या फुटबॉलच्या गटात आपलीच दोन गावं समोरासमोर येतील असं उन्हाळ्यात कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पेपरवाल्याने तुम्हाला आठ गुणांनी जिंकवलंय. त्याने आमचा एकही सामना पाहिलेला नाही, पण पोटासाठी त्यालाही काहीतरी लिहावं लागतं. म्हटलं, त्यापेक्षा आपणच लिहावं. टीमची बस मी चालवते. बस लावली की शेवटची शिट्टी होईपर्यंत कुंपणाला टेकून उभी असते. या पोरांना माझ्याइतकं कोणी पाहिलं नसेल.

आधी तुमचं. मर्लचा खेळ म्हणजे चेंडू पोटाशी धरायचा आणि मधून घुसायचं. अडवलं तर पुन्हा मधूनच. समोरचे कंटाळतात आणि तेवढ्यात तुमचा टचडाउन होतो. तुमची पुढच्या फळीतली पोरं म्हणजे ओळीने उभे केलेले फ्रीज आहेत, त्यांना काय खायला घालता ते एकदा सांग. त्यांच्या मागे बावीस नंबरचा आपला नोलन. भाचा म्हणून म्हणत नाही, पण समोरच्याच्या अंगावर जाताना तो जरासुद्धा थबकत नाही. डोकं पुढे, बाकीचा नोलन मागून. दोन्ही टीमनी एकमेकींना सामन्यांचं चित्रण द्यायचं असतं, त्याप्रमाणे मर्लने पाठवलेलं मी शाळेत पोरांच्या मागे बसून पाहिलं. त्यात नोलन एकदा पडल्यावर उठायला फार वेळ लावतो. ते मी पुन्हा लावायला सांगितलं.

आता आमचं. सगळी मिळून चौदा पोरं. त्यातला फ्लावियो वर्षभरासाठी इटलीहून आलेला. तो चेंडू पायाने मारतो आणि झकास मारतो. बाकी या सगळ्या धक्काबुक्कीला आम्ही फुटबॉल का म्हणतो ते त्याला अजून कळलेलं नाही. पेत्रिकांचे जुळे दोन्ही कडांनी धावतात, तुमचे फ्रीज वळेपर्यंत ते पलीकडे असतात. उत्तरेचा वारा असेल म्हणे. तसं झालं तर लांबचा चेंडू फेकण्यात अर्थ नाही. मध्यंतरापर्यंत बरोबरी, मग तुमची मोठी पोरं धापा टाकायला लागतील आणि आम्ही सहा गुणांनी जिंकू. असा माझा अंदाज होता.

होता म्हणते, कारण हे सगळं मी काल दुपारपर्यंत जसं धरून चालले होते तसं लिहिलं. तू आता पत्रात वर जाऊन बघशील. ग्रेडीबद्दल एक ओळ नाही. ज्याच्या हातातून आमचा प्रत्येक डाव सुरू होतो त्या क्वार्टरबॅकबद्दल, माझ्या पोटच्या पोराबद्दल, काही नाही. लिहायला गेले की हात वाऱ्याकडे नाहीतर फ्लावियोकडे वळतो.

गेल्या शुक्रवारी उपांत्य सामन्यात शेवटच्या मिनिटांत ग्रेडी स्वतःच चेंडू घेऊन घुसला. दोघांनी त्याला एकदम धरलं. पडला तो रेषेच्या आत पडला, म्हणून टचडाउन. सगळे त्याच्या अंगावर उड्या मारत होते, मीही कुंपणावर चढले होते. हसू नकोस, चढले होते. घरी येताना तो बसमध्ये माझ्या मागच्याच सीटवर येऊन बसला. बारावीची पोरं कधी पुढे बसत नाहीत, ती शेवटच्या रांगेत गोंधळ घालतात. उतरतं ऊन समोरून येत होतं, याने टोपी नाकापर्यंत ओढली. मग विचारतो, "आई, शेवटचा टचडाउन कोणी केला?" मी म्हटलं, "अरे, तूच." अख्खी बस हसली. मीही हसले. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा मागे कोणाचं लक्ष नव्हतं.

काल, सोमवारी, शाळेत त्याची डोक्याची परीक्षा घेतली. तुला माहीत आहेच ती. ऑगस्टमध्ये प्रत्येक खेळाडूला कॉम्प्युटरसमोर बसवतात, आकडे लक्षात ठेव, आकार ओळख, पटकन बटण दाब. पुढे सीझनमध्ये डोकं आपटलं तर तीच परीक्षा पुन्हा, आणि गुण ऑगस्टइतके पडले की पोरगं ठीक. ग्रेडीला तेवढेच पडले. पोरांची दुखणीखुपणी बघणारी टॅमी मला बसच्या दारात गाठून म्हणाली, काळजी करू नका, आकड्यांमध्ये तो जरा कच्चा आहे, पण ऑगस्टमध्येही तसाच होता.

मी हो म्हटलं आणि बस सुरू केली. सगळी पोरं घरी सोडून होईपर्यंत माझ्या डोक्यात ते एकच. ग्रेडी आणि आकड्यांत कच्चा? डोरी, आईच्या टेबलावर पत्त्यांचं पिच खेळताना हा आणि तुझा नोलन, दोघं शाळेतही जात नव्हते तेव्हापासून, कोणी कुठलं पान टाकलं ते डाव संपल्यावर ओळीने सांगायचे. आई म्हणायची, या दोघांसमोर पत्त्यांत लबाडी करायची सोय राहिली नाही.

काल जेवण झाल्यावर मी पत्ते काढले. लेनला बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी बसलो होतो. पहिल्या डावात ग्रेडीने हुकूम कुठला ते विचारलं. सांगितलं. दोन हात झाले नाहीत तोवर पुन्हा विचारलं. लेनने हातातली पानं पालथी ठेवली. मग मी सरळच विचारलं, ऑगस्टमध्ये काय केलंस.

त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, "सगळेच करतात, आई. ऑगस्टमध्ये मुद्दाम चुकीची बटणं दाबायची. मग मधे डोकं आपटलं तरी तेवढे गुण पडतातच."

"कोणी शिकवलं तुला हे?"

त्याने पानं टेबलावर टाकली. मी पत्ते गोळा केले, पुन्हा पिसले. मग तो म्हणाला, "तू शाळेत सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

मी म्हटलं, "नको बोलूस."

लेनशी त्यानंतर झालं. भांडण म्हणत नाही मी त्याला, आवाज कोणाचाच चढला नाही. तुला आठवतं ना, लेन बारावीत असताना आमची टीम फायनल हरली होती. अजूनही तो सामना त्याच्या तोंडून ऐकावा लागतो, आणि दर वेळी तो चेंडू थोडा आणखी जवळून निसटतो. तो म्हणाला, "एकच सामना आहे, आर्लिस." मी म्हटलं, "सामना एकच, पण डोकंही एकच आहे त्याला, आणि अजून सगळं आयुष्य काढायचंय त्यात." तो उठून डुकरांकडे गेला. परत आला तेव्हा डोळे लाल होते, थंडीने असतील. रस्त्याकडेच्या गवताच्या गठ्ठ्यावर त्याने ग्रेडीचा सात नंबर रंगवलाय, एवढा मोठा की तुमच्या गावातून दिसावा. मला वाटलं सकाळी खोडून टाकेल. खोडला नाही. पण माझ्याबरोबर शाळेत आला आणि मी टॅमीला सांगत होते तेव्हा शेजारी उभा राहिला. टोपी हातात घेऊन. लग्नानंतर मला तो इतका आवडला असेल असं आठवत नाही.

तर ग्रेडी खेळणार नाही. त्याच्या जागी ईयन उतरेल, दहावीचं पोर, ओल्या कपड्यांनिशी वजन केलं तरी काटा हलायचा नाही. गावाला गुरुवारी, टीमला निरोप द्यायला सगळे जमतील तेव्हा, कळेल. टीमसाठी मी आईच्या पद्धतीची कोलाची, ते खसखस भरलेले गोड पाव, करणार आहे. माझ्या हातची किती जण खातात बघू. ग्रेडीने बोललेलं खरं केलंय, कालपासून एक शब्द नाही. त्याला बसमध्ये टीमबरोबर नेणार आहे आणि परतही आणणार आहे. तेवढं तर मला कोणी नाही म्हणणार नाही.

मला रडू येत नाहीये, डोरी, मला राग येतोय. कोणाचा ते नीट कळत नाही. जिंकलेलं पोर घेऊन घरी येत होते मी, आणि त्याला आपण जिंकल्याचंच आठवत नव्हतं.

आता मर्लला खुशाल सांग की ग्रेडी नाही. त्याने त्याची पोरं पुढे दाबून उभी केली तर ईयनला चेंडू फेकायला श्वास घ्यायचीही फुरसत मिळणार नाही. ज्या गुपितासाठी फोनबंदी होती ते मी स्वतःहून पत्रात घालून पाठवते आहे. आमच्या गावाला कळलं तर बसच्या किल्ल्या काढून घेतील.

पण आमची टीम कोणाला घेऊन खेळते ते कळवायला मी पत्र लिहिलेलं नाही.

आज सकाळी शाळेतून निघताना मी ग्रेडीला पुन्हा विचारलं, कोणी शिकवलं. तो खिडकीबाहेर बघत होता. उत्तर लेनला दिलं, मला नाही. नववीत असताना, तुम्ही इथेच होतात तेव्हा, मोठ्या पोरांनी नोलनला सांगितलं होतं आणि नोलनने याला. तिकडे गेल्यावरही नोलन दर ऑगस्टला तेच करत आलाय. यंदाही.

मर्लला हे माहीत होतं असं मी म्हणत नाही. माझ्याही घरात घडलं आणि मला माहीत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये तू फोनवर काय म्हणालीस ते मला आठवतंय. नोलन एका सामन्यात पडला, परीक्षेत पास झाला, पुढच्या आठवड्यात खेळला. आणि मग म्हणालीस, हल्ली दुपारभर झोपतो, जेवताना खेकसतो, ढगाळ दिवसातही काळा चष्मा लावून ट्रॅक्टरवर बसतो, बहुतेक प्रेमात पडलाय. आपण दोघी किती हसलो. मी तर पोरीचं नावही विचारलं.

डोरी, मला वाटतं तो प्रेमात पडलेला नाही.

त्याला विचारू नकोस, तो काही होत नाहीये असंच म्हणेल. मर्लला आधी सांगू नकोस, त्याच्यासमोर शुक्रवार उभा आहे, तो लेनसारखाच एकच सामना म्हणेल. उद्या नोलन शाळेतून आला की स्वयंपाकघराच्या टेबलावर बसव आणि पत्ते वाट. आईचा जुना जोड तुझ्याकडेच आहे. पिच खेळ, एक डाव पुरे. डाव झाला की कोणी काय टाकलं ते त्याला ओळीने सांगायला लाव. त्याने सांगितलं तर मी वेडी ठरले. मर्लला पत्र दाखव, आठ गुणांनी जिंका, पुढच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत मला चिडवा. मी ऐकून घेईन.

आणि नाही सांगता आलं, तर फोन कर. नियम गेला खड्ड्यात. उद्या संध्याकाळी मी फोनजवळच बसून आहे.

तुझी,
आर्लिस