विनोदाचं शुद्धलेखन

२६ सप्टेंबर २००४, रविवार. सेनगाव.
हिंगोलीच्या स्थळाचा नकार. पोरगं चांगलं, पेंटरचा धंदाही चांगला, पण "तोंडात जीभ हाय का न्हाई?" आई रडली. मी नाही. पुढच्या रविवारी जवळा बाजारची साक्षी पाहायची. बारावी पास. फोटो पाच वेळा पाहिला (प्रिंटिंग तपासत होतो). संकल्प: सात दिवसांत विनोदी व्हायचं.

२७ सप्टेंबर
स्टँडवर बोर्ड रंगवताना निरीक्षण केलं. एक म्हातारा जीपवाल्या जळबाला म्हणाला, जागा कुठाय? जळबा म्हणाला, "बसा की मामा, जीप म्हंजे मायचा पदर. कितीबी लेकरं मावतात." सगळे हसले. मामासुद्धा, एक पाय बाहेर ठेवून. म्हणजे विनोद म्हणजे रूपक! दहावीच्या व्याकरणात होतंच. तेव्हा दोन मार्क मिळाले, आता बायको मिळेल.

२९ सप्टेंबर, सकाळी ९
फॉर्म्युला सापडला. एका वस्तूच्या घरचं सामान दुसरीच्या घरी न्यायचं. घरं जितकी लांब, तितकं हसू जास्त. मधलं अंतर ऐकणाऱ्याने चालायचं. पण लोक आळशी असतात, म्हणून शेवटी स्पष्टीकरण देणार.

दुपारी ट्रायल. म्हटलं, "जळबा, तू म्हणजे रंगाचा ब्रश." तो म्हणाला, "काहून रे रत्नपाल?" ब्रश वर-खाली, जीप हिंगोली-सेनगाव, असं सविस्तर समजावलं. त्याने मध्येच जीप चालू केली. इंजिनमुळे हसू ऐकू आलं नाही.

१ ऑक्टोबर
रूपक फायनल: "तुमचं कुटुंब म्हणजे सोयाबीनची शेंग." अर्थ: सगळे एकाच घरात, गुण्यागोविंदाने. 'शेंग'वरचा अनुस्वार दोनदा तपासला. बोलताना दिसत नाही, तरी.

३ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ
जळबाच्या जीपने गेलो. चहा येताच बोललो. साक्षीचे वडील किशनराव म्हणाले, "म्हंजे पिकली की तडकते, व्हय?" त्यांचा भाऊ गेल्याच महिन्यात वेगळा निघालाय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी चुकीचं सामान उचललं. मी उपमेय, उपमान, सगळं समजावलं. चहा गार झाला. मग साक्षी म्हणाली, "बाबा, यांचा विनोद धक्का स्टार्ट हाय. सगळ्यांनी उतरून ढकलावा लागतो."
घर हसून आडवं. किशनरावही. दारातला जळबाही. सर्वांत जास्त मी. तिला रूपक जमतं! जोडा पक्का. घराबाहेर लावायच्या पाटीचं डिझाइन काढलं. आधी तिचं नाव.

६ ऑक्टोबर
नकार. किशनरावांचा निरोप: "पोरगं गुणी हाय. पण भाऊ वेगळा निघाला, आता ढकलायला आमच्यात माणसं कमी हायत."
साक्षीची वाक्यं मोजली. दोन. स्पष्टीकरण शून्य.

९ ऑक्टोबर
स्टँडवर आता मला रत्नपाल कोणी म्हणत नाही. जळबाने ऑर्डर दिली, जीपच्या मागे नवीन अक्षरं. चिठ्ठीवर 'धका स्टाट' लिहिलं होतं. मी शुद्ध केलं. अक्षरं सुबक आली. दिवसभर लोक वाचून हसत होते.
अर्थ कोणीच विचारला नाही.